कानांची तक्रार कोण ऐकणार?



इचलकरंजीतल्या आमच्या बचत गटात एक मावशी दोन वर्षं कोपऱ्यात गप्प बसायच्या. विचारावं एक, तर उत्तर दुसरंच. सून म्हणायची, "त्यास्नी भरम झालाय." एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मीही वहीत लिहून ठेवलं होतं, 'विसराळू, सहभाग नाही.' घरात तर मावशींच्या नावावरची खोली मुलाच्या नावावर करायची बोलणी चालू होती. त्यांना काय कळतंय, म्हणून!

अखेर सरकारी रुग्णालयात कान तपासले. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत होतं. तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात कांड्या भरल्या होत्या त्यांनी. श्रवणयंत्र लावल्यावर म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्ही सगळ्या मुद्दाम हळू बोलताय." खोलीचा विषय निघाला तेव्हा ठाम सांगितलं, "सही करणार न्हाई."

ऐकू न येणं म्हणजे बुद्धी जाणं नव्हे. पण दुर्लक्ष केलं तर एक दुसऱ्याकडे नेऊ शकतं. 'लान्सेट' आयोगाच्या २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ घटक दिले आहेत. ऐकू कमी येणं हा त्यांतला एक मोठा घटक. कमी शिक्षण आणि एकाकीपणही त्याच यादीत आहेत. शाळा लवकर सुटलेली, आवाजात राबलेली, मग घरातच एकटी पडलेली बाई आपल्याला अनोळखी आहे का?

श्रवणयंत्र म्हणजे हमी नव्हे, हेही सांगायला हवं. अमेरिकेत ९७७ वृद्धांवर झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन वर्षांत सरसकट फरक दिसला नाही. ज्यांना धोका आधीच जास्त होता त्यांच्यात मात्र बुद्धीची घसरण मंदावली. पण माणसांत परतता येणं हा काय कमी फायदा आहे?

घरात नवऱ्याचा चष्मा होतो, मुलांची फी भरली जाते, बाईचे कान मागे राहतात. 'बहिरी' ही शिवी असल्यामुळे तीही बोलत नाही. म्हणून सुरुवात आपल्या बैठकीपासून करू या. गोल बसू, उजेडात, समोर तोंड करून, एका वेळी एकीनेच बोलू. "ऐकू येतंय ना?" असं विचारलं की सगळ्याच मान डोलावतात. त्यापेक्षा "मी काय म्हटलं, सांगा बरं" असं विचारू. गप्प बसणारीला तपासणीला नेऊ. कधी कानातला मळ निघाला तरी काम होतं. यंत्रासाठी केंद्राची एडिप योजना आहे, साठीपुढच्या गरजूंसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. दाखल्यांसाठी खेटे पडतात, तिथे गटाने सोबत जावं.

आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये आजही कांड्या भरणाऱ्या पोरींचं काय? मालकाकडे कानांच्या संरक्षणाची मागणी आपल्या मागणीपत्रात अजून नाही. ती घालायला हवी.

बाईचा आवाज दाबला जातो, असं आपण नेहमी म्हणतो. तिच्यापर्यंत आवाज पोचतो का, हे विचारायला मी दोन वर्षं लावली. तुम्ही लावू नका. तुमच्या गटातले अनुभव जरूर कळवा.