परवानगी काढून केलेलं पथनाट्य

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात पथनाट्य झालं. जागा फूड कोर्ट, वेळ साडेचार, परवानगी एच.आर.ची आणि विषय चक्क 'श्रमप्रतिष्ठा'. काळे टी-शर्ट, डफ, आरोळ्या.. सगळं साग्रसंगीत. पोरांनी मेहनत घेतली होती, खोटं कशाला बोला. पण ज्यांच्या श्रमांना प्रतिष्ठा द्यायची त्या हाउसकीपिंगच्या मावशी तेव्हा कुठे होत्या? तर 'उगाच गर्दी नको' म्हणून त्यांना खाली बेसमेंटला थांबवलेलं. त्या रोज डबाही तिथेच खातात, जिन्यावर बसून. फूड कोर्टात बसायची त्यांना मनाई आहे.

मी टाळ्या वाजवल्या. (सगळ्यांनीच वाजवल्या.)

घरी येताना सारखं 'मशीन' आठवत होतं. दिल्लीच्या जन नाट्य मंचाचं हे १९७८ सालचं पथनाट्य, जेमतेम १३ मिनिटांचं. आमची सकाळची स्टँडअप मीटिंग याहून लांबते! नेपथ्य नाही, काही नाही. नटच एकमेकांना जोडून उभे राहतात, हातपाय हलवतात, तोंडाने आवाज काढतात आणि यंत्र तयार होतं. मग ते बंद पडतं. का बंद पडलं, हेच नाटक. त्यामागे खरी घटना होती. गाझियाबादच्या एका कारखान्यात कामगारांच्या मागण्या काय, तर सायकली ठेवायला स्टँड आणि चहा-जेवणाला कँटीन. बस्स. त्यावरून प्रकरण पेटलं, गोळीबार झाला आणि सहा कामगार मेले.

कँटीन!! आणि आमच्या बिल्डिंगमध्ये ते असूनही मावशी जिन्यावर.

"पथनाट्याने काय होतं रे? ट्रॅफिक जाम होतो," असं माझा एक मित्र म्हणतो. बऱ्याचदा तेवढंच होतं, मान्य. पण मग ते बंद पाडायला माणसं लाठ्या घेऊन का येतात? १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ झंडापूरच्या कामगार वस्तीत 'हल्ला बोल' चालू असताना हल्ला झाला. नगरपालिका निवडणुकीचे दिवस होते. राम बहादूर हा कामगार गोळी लागून मेला. सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी गेले, वय फक्त ३४. आणि ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री आणि बाकीची मंडळी त्याच जागी परत गेली, अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण केलं. हल्लेखोर कोर्टात दोषी ठरायला मात्र २००३ उजाडलं.

हेच नाटक एखाद्या थिएटरात तिकीट लावून झालं असतं तर कुणी फिरकलंही नसतं. माझ्या मते जागा हीच पथनाट्याची अर्धी संहिता असते. ज्याची गोष्ट आहे तो समोर उभा हवा आणि ज्याला ती झोंबणार त्याच्या कानावर जायला हवी. परवानगी देणारा नेमकी हीच जागा बदलतो. शब्द कापायची मग गरजच उरत नाही. आम्हाला शब्द सगळे ऐकायला मिळाले, बेसमेंट तेवढं वगळलं गेलं.

"मग तू करशील का बेसमेंटला नाटक?" असं बायकोने विचारलंच. नाही करणार. नोकरी आहे, हप्ते आहेत. सोमवारी फॅसिलिटीच्या माणसाला एवढं विचारलं, की तीननंतर फूड कोर्ट रिकामंच असतं, मावशींना बसू द्याल का? तो म्हणाला, "मेल टाका ना सर."

आज शनिवार. मेल ड्राफ्टमध्ये आहे. सीसीत कुणाकुणाला ठेवायचं ते ठरत नाहीये.