जिरली आणि जिरवली

दुसऱ्याच्या अपयशाने होणाऱ्या आनंदासाठी जर्मन भाषेत एक स्वतंत्र शब्द आहे आणि आपल्या भाषेत तो नाही, अशी खंत आपल्याकडील चर्चासत्रांतून अधूनमधून व्यक्त होत असते. ती व्यक्त करणारे मराठी बोलणाऱ्या लोकांत फारसे वावरलेले नसावेत. 'बरी जिरली' हा उद्गार ज्याने कधी काढला नाही असा मराठी माणूस प्रस्तुत लेखकाला अद्याप भेटावयाचा आहे. काय जिरली? मस्ती, मिजास, गुर्मी. नाम गाळलेले असते, कारण ते सर्वांना ठाऊक असते. पण या वाक्यातून आणखीही काही गळलेले आहे. त्यात जिरवणारा नाही. 'आम्ही त्यांची जिरवली' या प्रयोजक रचनेत कर्ता आहे, त्याचे श्रम आहेत, स्वतःची जिरण्याचा त्याने पत्करलेला धोकाही आहे. 'त्यांची जिरली' असे म्हणणारा मात्र बाजूला उभा असतो. त्याचे काहीच पणाला लागलेले नसते. या दोन क्रियापदांत जे अंतर आहे ते आपल्या समीक्षेने अलीकडे पुसून टाकले आहे, आणि माझी तक्रार त्याविषयी आहे.

ही तक्रार फुटबॉलच्या निमित्ताने मांडण्याचे कारण असे की, सांस्कृतिक अभ्यासाच्या नावाखाली जे लेखन आता वाचावे लागते त्यात क्रीडारसिकांच्या वैराचे कौतुक हा एक लाडका विषय होऊन बसला आहे. चाहत्यांचे एकमेकांना हिणवणे ही लोकसंस्कृती होय, त्यातून समाजातील ताणांचे विरेचन होते, आणि म्हणून प्रतिपक्षाच्या दैन्यावर नाचणाऱ्या जमावाकडे अभ्यासकाने प्रेमळ दृष्टीने पाहावे, असा एकूण सूर असतो. उदाहरण बहुधा कोलकात्याचे दिले जाते, म्हणून मीही तेच घेतो. त्या शहराशी माझा थोडा संबंध आहे. तेथील एक बंगालीचे प्राध्यापक माझे जुने स्नेही. ते उत्तर कोलकात्यातील अस्सल 'घोटी' घराण्यातले, म्हणजे जन्माने मोहन बागानचे. त्यांनीच मला प्रथम तेथील 'बड़ो मॅच'ला नेले, आणि मी त्यांना मोबदल्यात 'जिरली' हा शब्द दिला.

या वैराचा आरंभ अपमानातून झाला, हे येथे आवर्जून नोंदवावयास हवे. १८८९ साली स्थापन झालेल्या मोहन बागानने २९ जुलै १९११ रोजी आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरविले. बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या बंगाली तरुणांनी बूट घातलेल्या गोऱ्या सैनिकांची, आपल्या भाषेत सांगावयाचे तर, जिरवली. पण नऊच वर्षांनी, १९२० मध्ये, जोडाबागान या क्लबाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूला वगळले. त्यांची बाजू घेणारे सुरेशचंद्र चौधुरी क्लबातून बाहेर पडले, आणि त्या वर्षीच्या १ ऑगस्टला ईस्ट बंगाल क्लब जन्मास आला. २८ मे १९२५ रोजी लीगमधील पहिल्या लढतीत नवख्यांनी मोहन बागानला १-० असे नमविले. पुढे १९४७ ची फाळणी झाली, लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून आले आणि लाल-पिवळ्या रंगाला उखडलेल्या माणसांच्या अभिमानाचा अर्थ प्राप्त झाला. ईस्ट बंगाल जिंकले की बाजारात इलिश महागायचा, मोहन बागान जिंकले की चिंगरी. हरलेल्याच्या दारावरून मुद्दाम मासळीची पिशवी हलवीत जाणे यात खोडसाळपणा आहे, पण ज्याला चिडवावयाचे त्याचे घर, त्याचे ताट, त्याची चव यांची पुरती ओळखही आहे. या चिडवण्याला नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. संघ खेळला, जिंकला. जिंकलेल्याने उद्या हरण्याची जोखीम घेतली आहे. हा 'जिरवली'चा प्रदेश आहे, आणि येथे हसणे क्षम्य आहे.

आता विरेचनाकडे वळू. ज्या ॲरिस्टॉटलच्या नावावर हा सिद्धान्त खपविला जातो त्याने शोकात्मिकेतील विरेचन करुणा आणि भीती या दोन भावनांच्या द्वारा होते असे म्हटले आहे. कोसळणाऱ्या माणसाविषयी प्रेक्षकाच्या मनात अनुकंपा उपजावी आणि आपणही असेच कोसळू शकू अशी धास्ती वाटावी, ही त्याची पूर्वअट होय. प्रतिस्पर्धी बुडाला म्हणून टाळ्या पिटणारा चाहता नेमक्या याच दोन भावना दाराबाहेर ठेवतो. मग विरेचन कशाचे? शिवाय दुसऱ्याच्या विपत्तीत होणाऱ्या आनंदाविषयी ॲरिस्टॉटल 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'त स्वतंत्रपणे बोललेला आहे. निर्लज्जपणा आणि मत्सर यांच्या पंक्तीस त्याने हा भाव बसविला आहे, आणि ज्यांचा सुवर्णमध्य संभवतच नाही, ज्यांच्या नावातच वाईटपणा आहे, अशा गोष्टींत त्याची गणना केली आहे. काव्यशास्त्राचे एक पान वाचून त्याच ग्रंथकाराचे दुसरे पान न उलटणाऱ्या विद्वानांना काय म्हणावे!

आपल्या परंपरेकडे पाहिले तरी निराळे दिसत नाही. भरताने असूयेला तेहेतीस व्यभिचारी भावांत स्थान दिले आहे; स्थायी भावांत दिलेले नाही. ती येते, क्षणभर रंग भरते आणि निघून जाते, एवढीच तिची योग्यता. हास्याचेही त्याने स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगून शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या वाट्याला दिले आहेत. कोलकात्याच्या वैराचे जे काही बिघडले ते एका वाक्यात सांगावयाचे तर, एका व्यभिचारी भावाला तेथे स्थायी करण्यात आले.

त्याची किंमत कोणी मोजली? ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५-० असा धुव्वा उडविला. त्या पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आत्महत्या केली. त्याने मागे ठेवलेल्या चिठ्ठीचे पुढे इतके पारायण झाले की ती दंतकथा बनली, आणि निष्ठेचे परमोच्च उदाहरण म्हणून ती आजही सांगितली जाते. मी ती येथे उद्धृत करणार नाही. एका मुलाच्या मृत्यूला निष्ठेचे अलंकार चढविणारे लेखन मला त्या पाच गोलांवर पाच वर्षे हसत राहणाऱ्यांच्या वर्तनाहून फारसे वेगळे वाटत नाही. आणि १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर लीगच्या सामन्यात दोन खेळाडूंची झटापट झाली, तिचे लोण प्रेक्षागारात पोहोचले, दगडफेक आणि चेंगराचेंगरी झाली, आणि १६ माणसे मेली. विरेचनवाद्यांनी ज्याला वाफ सोडण्याची झडप म्हटले तीच बंदिस्त प्रेक्षागारात फुटली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ कोलकात्यात पुढे रक्तदानाची प्रथा पडली. सामान्य फुटबॉलप्रेमींना जे उमगले ते त्यांच्या भाष्यकारांना उमगू नये, याचे नवल वाटते.

लोकसंस्कृतीचा मुद्दा याहून नाजूक आहे. ईस्ट बंगालच्या चाहत्यांना हिणविताना 'लोटा' म्हणतात, त्यांना काटेरी तारेची आठवण करून देतात. हातात एक लोटा घेऊन सीमा ओलांडणाऱ्या निर्वासिताचे चित्र त्या शब्दामागे उभे आहे. हा विनोद दोन-तीन पिढ्या चालला, आणि बंगाली घरांत त्याची धार बोथटही झाली, हे मान्य. परंतु नागरिकत्वाच्या कागदपत्रांवरून देशभर वादळ उठले असताना, १९ जानेवारी २०२० च्या सामन्यात, ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी प्रेक्षागारात एक प्रचंड फलक उलगडला. ही माती आम्ही रक्त देऊन घेतली आहे, कागद देऊन नव्हे, असा त्याचा आशय होता. जुन्या थट्टेत दडलेला अर्थ किती जिवंत आहे हे त्या दिवशी सर्वांना दिसले. ज्याला 'निर्दोष लोकविनोद' म्हटले जाते तो निर्दोष आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार तो सहन करणाऱ्याकडे असतो. त्याचा संग्रह करणाऱ्या अभ्यासकाकडे नसतो.

आणि आता तर समोरासमोर खेळण्याचीही गरज उरलेली नाही. २०२० मध्ये मोहन बागानने दुसऱ्या संघाशी विलीन होऊन 'एटीके मोहन बागान' या नावाने इंडियन सुपर लीगमध्ये प्रवेश केला, आणि ईस्ट बंगालवाल्यांना विकल्या गेलेल्या नावाची थट्टा करण्याची पर्वणी मिळाली. २०२१ च्या सप्टेंबरात उझबेकिस्तानच्या नासाफ क्लबाने त्या संघास ६-० असे लोळविले. त्या रात्री निम्म्या कोलकात्यात दुःख नव्हते, हे सांगावयास साक्षीदार नको. जिरवणारे कोण? ज्यांचे नाव सकाळपर्यंत कोणाला उच्चारता येत नव्हते असे कार्शीचे खेळाडू. हसणाऱ्यांचा स्वतःचा क्लब मात्र त्याच सुमारास गुंतवणूकदाराशी भांडत होता. त्या हंगामात त्याला एकच सामना जिंकता आला, आणि अकरा संघांत तो अकरावा आला. मग हसण्याची पाळी दुसऱ्यांची. दोन शतायुषी संस्थांचे नाव, रंग आणि भवितव्य व्यापारी करारांच्या अटींत अडकत असताना दोन्ही गोटांतील पुष्कळ माणसे प्रतिपक्षाच्या अडचणीचा हिशेब ठेवण्यात दंग होती. आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणे ही म्हण मराठी आहे. पण तिला बंगालात परके वाटू नये.

आपण फार उंचावरून बोलू नये, हेही खरे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, शिवाजी अशा तालमींचे आणि मंडळांचे सामने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पेठापेठांतील खुन्नस म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आपला संघ स्पर्धेतून केव्हाच बाद झालेला असताना केवळ दुसरी तालीम हरावी म्हणून उन्हात येऊन बसणारी माणसे मी तेथे पाहिली आहेत. आणि साहित्यव्यवहाराविषयी तर बोलूच नये. संमेलनाध्यक्षपदाची निवडणूक होत होती त्या काळात निकालाच्या सायंकाळी आपला उमेदवार नसलेल्या लेखकांचेही चेहरे उजळलेले दिसत, ते कोणाच्या विजयाने खासच नव्हे. प्रतिस्पर्धी कवीचा संग्रह पुरस्काराविना गेला या बातमीने मलाही एकदा दिवसभर बरे वाटले होते. तो संग्रह मी वाचलेलाही नव्हता.

सर्जनशील लेखकांना ही गोष्ट समीक्षकांच्या आधी कळते. मोती नंदी यांच्या 'स्टॉपर' या बंगाली कादंबरीचा नायक वयाने थकत चाललेला बचावपटू आहे आणि तो एका दुबळ्या संघाकडून खेळतो. वाचकाला तेथे हरण्याची शक्यता आतून अनुभवावी लागते. बाजूला उभे राहून 'जिरली' म्हणण्याची सोय लेखकाने त्याला ठेवलेली नाही.

१८ ऑगस्ट २०२४ रोजी सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर ड्युरंड चषकातील मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना व्हावयाचा होता. आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर झालेल्या बलात्काराने आणि तिच्या हत्येने शहर पेटले होते, आणि सुरक्षेचे कारण देऊन तो सामना रद्द करण्यात आला. तरीही दोन्ही क्लबांचे चाहते स्टेडियमबाहेर जमले. मोहमेडन स्पोर्टिंगचेही आले. हिरवा-मरून आणि लाल-पिवळा हे रंग एकमेकांच्या खांद्यावर चढले, पोलिसांनी लाठ्या चालविल्या, त्या रंग न पाहता बसल्या. माझे स्नेही त्या गर्दीत होते. सत्तरीकडे झुकलेला हा माणूस, शेजारच्या ईस्ट बंगालवाल्याचा हात धरून पळाला. पुढे दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबरला, त्याच मैदानावर लीगच्या सामन्यात मोहन बागानने ईस्ट बंगालला २-० असे हरविले. रात्री उशिरा दूरध्वनी आला. पलीकडून ओळखीचा आवाज बंगाली वळणाच्या मराठीत विचारीत होता, 'जिरली म्हणायचे की जिरवली?' मी म्हटले, आज जिरवली म्हणा. मग त्यांनी त्या ईस्ट बंगालवाल्याचा पत्ता लागल्याचे सांगितले. रविवारी त्याला चिंगरी खावयास बोलाविले होते, आणि तो येतो म्हणाला होता.