वसतिगृहातील पहिले वर्ष आणि पालकांचे कर्तव्य

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडतात आणि पत्र्याची पेटी, सतरंजी, ताट-वाटी घेऊन पालक निवासी शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहतात. कोणी मुखेड-किनवटकडून आलेले असतात, कोणी देगलूर-बिलोलीकडून, तर कोणी निलंगा, उदगीर, देवणीकडून. नाव नोंदले जाते, पेटी खोलीत जाते आणि पालक सुटकेचा निःश्वास टाकून परततात. मूल शाळेच्या स्वाधीन झाले, आता शाळेने पाहावे, अशी त्यांची भावना असते. ही भावना समजण्याजोगी असली तरी योग्य नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. तीन दशकांच्या अध्यापनात आम्ही हेच पाहत आलो की, पहिल्या वर्षी शाळा सोडून जाणारी मुले बहुधा बुद्धीने उणी नसतात. घर आणि शाळा यांच्यातील संवाद तुटलेला असतो, म्हणून ती जातात.

वसतिगृह ही आपल्या चळवळीला नवी गोष्ट नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. राहण्याची व जेवणाची सोय झाल्याखेरीज खेड्यातले मूल शिकणार नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तेव्हाच ओळखले होते. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९५० साली औरंगाबादला तिचे महाविद्यालय उघडले. आपला मराठवाडा मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता व तेथील उच्च शिक्षण उर्दूत चाले. त्यामुळे आजही अनेक घरांत शाळेची परंपरा जेमतेम दोन-तीन पिढ्यांची आहे. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलाच्या मनात काय चालते, हे सांगणारे वडीलधारे माणूस त्या घरात नसते. म्हणून हे चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिल्या वर्षी मुलाला पुस्तकाआधी बरेच काही शिकावे लागते. अनोळखी मुलांच्या रांगेत झोपणे, घंटेबरोबर उठणे, आपल्या वस्तू सांभाळणे, पोट दुखते हे परक्या माणसाला सांगणे, हा सारा अभ्यासच आहे. त्यात भाषेची अडचण येते. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, धर्माबादकडच्या मुलाच्या कानावर तेलुगू असते, उदगीरकडच्या मुलाच्या कानावर कन्नड. मराठी घरातले मूलसुद्धा जी मराठी बोलते ती पुस्तकातल्या मराठीहून वेगळी असते. असे मूल वर्गात गप्प बसले की ते मठ्ठ आहे, असा शेरा मारला जातो. खरे पाहता ते ऐकत असते, शब्द जुळवीत असते. रात्री अंथरूण ओले होणे, जेवण कमी होणे, सकाळी डोके दुखणे, ही बहुधा मनावरच्या ताणाची चिन्हे असतात. ताण समजून आजाराकडे मात्र दुर्लक्ष होता कामा नये. दुखणे आधी डॉक्टरांना दाखवावे. या चिन्हांची थट्टा करणे किंवा त्यांबद्दल शिक्षा देणे हे निव्वळ क्रौर्य होय.

पहिल्या एक-दोन वर्षांवरून मुलाचे भवितव्य ठरविणाऱ्यांनी बाबासाहेबांचे बालपण आठवावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदले गेले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. परंतु धनंजय कीर यांच्या चरित्रात त्याच काळातला दुसराही प्रसंग आहे. आईविना वाढणाऱ्या या मुलाचे मन अभ्यासात रमत नव्हते. मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम धरावे, असे त्याने मनाशी ठरविले होते आणि गाडीभाड्यासाठी आत्याची पैशांची पिशवीही लांबविली होती. तीत निघाला अर्धा आणा! त्यानंतर त्याने तो बेत सोडला आणि मन अभ्यासाला जुंपले. पुढे मुंबईत एका खोलीच्या बिऱ्हाडात रामजींनी विवाहित लेकींचे दागिने मागून आणून मुलाला पुस्तके घेऊन दिली. त्या वयातल्या भिवाला कोणी वाया गेलेला ठरवून सोडून दिले असते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा.

आपल्या भागात आणखी एक संकट आहे. ‘लातूर पॅटर्न’ने दहावी-बारावीच्या परीक्षांत नाव कमावले, लातूर-नांदेडची मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली, याचा आम्हांसही अभिमान आहे. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी केलेली ती तयारी सहा किंवा दहा वर्षांच्या मुलावर लादणे चुकीचे आहे. पहिल्या भेटीत “किती मार्क पडले?” हा पहिला प्रश्न असू नये. “आम्ही हालात शिकलो, याला एवढेही सोसत नाही?” असे काही पालक म्हणतात. त्यांच्या कष्टांविषयी आम्हांस आदर आहे. मात्र ते हाल मुलाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणूनच तर ते कष्ट होते.

कर्तव्य एकट्या पालकांचेच आहे असे नाही. बालक राहुलाला संघात घेतल्यावर राजा शुद्धोदनाने आपले दुःख तथागतांपुढे मांडले आणि तेव्हापासून आई-वडिलांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला, ही कथा विनयपिटकात आहे. मुलाला जवळ घेणाऱ्या संस्थेने पालकांच्या मनाचाही विचार केला पाहिजे, हा तिचा बोध होय. मूल आजारी पडले तर त्याच दिवशी घरी कळविणे, फोनचा वार ठरवून तो पाळणे, घरच्या बोलीला न हसणे, एवढे शाळेने केलेच पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे, तर कलम २९ शिक्षण भयमुक्त असावे असे सांगते. पालकांनीही “गुरुजी, मारा पण शिकवा” हे वाक्य कायमचे सोडून द्यावे.

पालकांकडून आमच्या अपेक्षा फार मोठ्या नाहीत. मुलाची नजर चुकवून निघून जाऊ नये. निरोप घेऊन, पुन्हा केव्हा येणार ते सांगून जावे आणि त्या दिवशी यावे. येणे जमत नसेल तर तसा निरोप धाडावा. ते रडले म्हणून घाईने घरी नेऊ नये, पण ते काही सांगू पाहत असेल तर पूर्ण ऐकावे. मित्र कोण झाला, जेवायला कोणाजवळ बसतोस, रात्री भीती वाटते का, हे विचारावे. कोणी मारते किंवा त्रास देते असे मूल म्हणाले तर त्याला खोटे पाडू नये; शाळेला जाब विचारावा. तो पालकांचा अधिकारच आहे.

शेवटी ऊसतोड मजूर बंधुभगिनींना एक विनंती. मुकादमाची उचल घेतली की दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन फडावर जावे लागते आणि नेमके तेव्हाच मुलाला पहिली मोठी सुट्टी लागते. ते गावी येते तर दाराला कुलूप! मग ते आजीकडे राहते किंवा फडावर जाते, आणि फडावर गेलेले मूल पुष्कळदा परत येत नाही. मुलगी असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी तिलाच ठेवून घेतात. म्हणून निघण्यापूर्वी शाळेत येऊन सुट्टीत मूल कोठे राहील, त्याला कोण नेईल आणि कोणत्या दिवशी आणून सोडील, हे लिहून द्यावे. शाळांनीही अशा मुलांसाठी सुट्टीत वसतिगृहाचे दार उघडे ठेवावे. दिवाळीनंतर वर्गात एकही जागा रिकामी राहिली नाही, तर पहिले वर्ष सार्थकी लागले असे आम्ही समजू.