विश्लेषण : रॉयबॉस ‘चहा’ नाही, मग काय? एका लाल झुडपाच्या नावावरून रस्सीखेच कशासाठी?

‘चहा’ हा शब्द फक्त चहाच्या झाडापासून बनलेल्या पदार्थालाच वापरता येईल, असे भारताच्या अन्न नियामकाने स्पष्ट केले आहे. त्यात रॉयबॉसचा थेट उल्लेख आहे. दक्षिण आफ्रिकेतील या झुडपाच्या नावावरून याआधी अमेरिकेत वाद झाला, युरोपात त्याला संरक्षण मिळाले आणि मायदेशात मूळ रहिवाशांनी आपला वाटा मागितला. सुवासिक कपामागचा पैसा कोणाकडे जातो, हा या सगळ्यातला कळीचा प्रश्न आहे.

मोठ्या शहरांतील दुकानांत आणि खरेदीच्या अ‍ॅपवर आता दुधाच्या चहाच्या पावडरीशेजारी सुट्या पानांचे डबे दिसू लागले आहेत. ग्रीन टी, कॅमोमाइल, जास्वंद आणि त्यांच्या जोडीला व्हॅनिला, संत्रे, कॅरामल किंवा दालचिनीच्या स्वादाचा रॉयबॉस. कॅफिन नको, पण संध्याकाळी गरम काही तरी हवे, अशा मंडळींना तो आवडतो. या डब्यांवर आजवर सर्रास ‘टी’ असे छापले जाई. ते आता अडचणीचे ठरणार आहे.

एफएसएसएआयने नेमके काय म्हटले?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) डिसेंबर २०२५ मध्ये याबाबत स्पष्टीकरण दिले. ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या वनस्पतीपासून तयार झालेल्या उत्पादनालाच ‘चहा’ म्हणता येईल. काळा चहा, ग्रीन टी, कांगडा चहा, इन्स्टंट चहा हे सारे याच झाडाचे, त्यामुळे त्यांना अडचण नाही. ‘रॉयबॉस टी’, ‘हर्बल टी’, ‘फ्लॉवर टी’ या नावांनी विकले जाणारे इतर पदार्थ मात्र चहा नव्हेत. त्यांच्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे तो शब्द वापरणे ग्राहकाची दिशाभूल करणारे असून अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार ते चुकीचे लेबलिंग ठरते, असे प्राधिकरणाचे म्हणणे. उत्पादक, आयातदार आणि विक्रेत्यांबरोबरच ई-कॉमर्स कंपन्यांनाही हे लागू आहे.

याचा अर्थ रॉयबॉसवर बंदी आली असा नाही. विक्री सुरूच राहू शकते, फक्त पाकिटावर दुसरे नाव हवे. मराठी घरांना हा पेच गमतीचा वाटेल. गवताला ‘गवती चहा’ म्हणण्याची आपली सवय जुनी आहे आणि त्यात कॅमेलिया सायनेन्सिसचे एक पानही नसते. घरातल्या बोलीला नियामकाचे स्पष्टीकरण लागू होत नाही, ते विक्रीच्या वेष्टनापुरते आहे. पण शब्द किती सैल वापरला जातो, हे त्यावरून कळते.

रॉयबॉस म्हणजे काय?

‘रॉयबॉस’ हा आफ्रिकान्स भाषेतील शब्द. ‘रॉय’ म्हणजे लाल आणि ‘बॉस’ म्हणजे झुडूप. शास्त्रीय नाव ‘अ‍ॅस्पॅलॅथस लिनिआरिस’. हरभरा, तूर ज्या शेंगवर्गीय कुळातील, त्याच कुळातील ही वनस्पती. तिची पाने सुईसारखी बारीक असतात. केप टाउनच्या उत्तरेला असलेल्या सेडरबर्ग डोंगररांगा आणि लगतचा भाग हे तिचे घर. वाळूमिश्रित, आम्लधर्मी, निकस जमीन आणि हिवाळ्यात पडणारा पाऊस तिला मानवतो. जगात इतरत्र तिची व्यापारी लागवड यशस्वी झालेली नाही. म्हणजे टोकियोत असो वा ठाण्यात, कपातला रॉयबॉस त्याच एका कोपऱ्यातून आलेला असतो.

हिरव्या फांद्या कापून त्यांचे बारीक तुकडे करतात, ते चेचून ओलावतात आणि मोकळ्या अंगणात ढीग घालून ठेवतात. हवेशी संयोग होऊन हिरवा रंग तांबूस होतो, गोडसर वास सुटतो. मग माल उन्हात पसरून वाळवतात. ही प्रक्रिया टाळून थेट वाळवला, तर तो ‘हिरवा रॉयबॉस’. कॅफिन नाही आणि टॅनिनचे प्रमाण चहापेक्षा कमी, ही त्याची दोन वैशिष्ट्ये. त्यामुळेच तो कितीही वेळ मुरला तरी चहासारखा कडवट होत नाही.

व्यापार कसा उभा राहिला?

या भागातील खोई आणि सान हे मूळ रहिवासी. रानातल्या या झुडपाचा उपयोग त्यांना ठाऊक होता. १९०४ च्या सुमारास बेंजामिन गिन्सबर्ग या व्यापाऱ्याने डोंगरातील लोकांकडून माल घेऊन तो बाजारात आणायला सुरुवात केली. पुढे क्लॅनविल्यम गावचे डॉक्टर पीटर ल फ्रास नॉर्तिए यांनी लागवडीचे तंत्र बसवले. अडचण बियाण्याची होती. बी बारीक, शेंग तडकली की उडून जाणारे. मुंग्या ते वेचून वारुळात साठवतात, हे एका स्थानिक बाईच्या लक्षात आले आणि तिच्यामुळे बी हाती लागले, अशी कथा तिथे सांगितली जाते. कथेत डॉक्टरांचे नाव आहे, त्या बाईचे बहुतेक वेळा नसते. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या एका तपशिलात दिसते.

१९५४ मध्ये सरकारने नियंत्रण मंडळ नेमले. विक्रीची सूत्रे १९९३ पर्यंत त्याच्याकडे होती. आज एकूण उत्पादनाचा मोठा भाग निर्यात होतो. जर्मनी आणि जपान हे त्याचे मोठे ग्राहक आहेत.

अमेरिकेत वाद कशावरून झाला?

अ‍ॅनेकी थेरॉन या दक्षिण आफ्रिकी महिलेने १९६८ मध्ये आपल्या रडक्या तान्ह्या मुलीला दुधातून रॉयबॉस दिला, तेव्हा ती शांत झाली. या अनुभवावर त्यांनी पुस्तक लिहिले आणि रॉयबॉसयुक्त सौंदर्यप्रसाधनांचा उद्योग उभा केला. त्यांच्या कंपनीने १९९४ मध्ये अमेरिकेत ‘रॉयबॉस’ हा शब्दच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला. २००१ मध्ये तो हक्क एका अमेरिकी कंपनीकडे गेला आणि तिथल्या इतर विक्रेत्यांना ते नाव वापरण्यासाठी पैसे मागितले जाऊ लागले. झुडपाचे साधे नाव एखाद्या कंपनीच्या मालकीचे कसे, असा प्रश्न घेऊन दक्षिण आफ्रिकी उत्पादक आणि अमेरिकी व्यापारी लढले. २००५ मध्ये ती नोंदणी मागे घेतली गेली.

भारतीयांना ही गोष्ट अनोळखी नाही. जखमा भरण्यासाठी हळदीचा वापर, यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने दाखले सादर करून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. तिथे वाद ज्ञानाचा होता, रॉयबॉसबाबत नावाचा. दोन्हीकडे मुद्दा एकच : अनेकांचे जे आहे ते एकाच्या नावावर चढू नये.

युरोपने काय दिले?

अमेरिकेतील अनुभवानंतर उत्पादकांनी भौगोलिक ओळखीचा मार्ग धरला. युरोपीय संघाने २०२१ मध्ये रॉयबॉसला उत्पत्तिस्थानाशी जोडलेल्या नावांच्या यादीत स्थान दिले. आता युरोपात ‘रॉयबॉस’ किंवा ‘रेड बुश’ हे नाव ठरलेल्या प्रदेशातील, ठरलेल्या पद्धतीने तयार झालेल्या मालालाच लावता येते. आपल्याकडे दार्जिलिंग चहाने हीच वाट आधी चोखाळली आहे. २००४-०५ मध्ये भारतातील पहिले भौगोलिक मानांकन त्याला मिळाले, तर २०११ मध्ये युरोपनेही संरक्षण दिले.

थोडक्यात, भारतात रॉयबॉसला ‘चहा’ म्हणता येत नाही आणि युरोपात दुसऱ्या कशाला ‘रॉयबॉस’ म्हणता येत नाही. दोन्ही नियमांचा आधार सारखाच : वेष्टनावरचे नाव हे ग्राहकाला दिलेले वचन असते.

खोई आणि सान यांना काय मिळाले?

मानांकनाने प्रदेशाचे नाव राखले. पण ज्यांच्या ज्ञानावर व्यापार उभा राहिला, त्यांना आपोआप काही मिळत नाही. सान परिषदेने २०१० मध्ये सरकारकडे दाद मागितली. सरकारने करवून घेतलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१४ मध्ये आला : रॉयबॉसचे पारंपरिक ज्ञान खोई आणि सान यांचे नाही, असे म्हणायला कोणताही पुरावा नाही. उद्योगाला हे सहज मान्य नव्हते. वाटाघाटी लांबल्या. अखेर २०१९ मध्ये करार झाला. शेतावर मिळणाऱ्या दराच्या दीड टक्का रक्कम उद्योगाने द्यायची आणि ती दोन्ही समाजांत समान वाटायची, असे ठरले. २०२२ मध्ये पहिली रक्कम, सुमारे १ कोटी २२ लाख रँड, त्यांच्या न्यासांकडे गेली. जैवविविधतेतून होणाऱ्या फायद्यात मूळ ज्ञानधारकांना वाटा देण्याचे तत्त्व २०१० च्या नागोया करारात आहे. एखाद्या कंपनीने नव्हे, तर पूर्ण उद्योगाने असा वाटा देण्याचे हे जगातले ठळक उदाहरण आहे.

केरळमधील काणी आदिवासींना ‘आरोग्यपच्चा’ या वनस्पतीच्या ज्ञानाबद्दल ‘जीवनी’ औषधाच्या उत्पन्नातला वाटा मिळाला होता. तो प्रयोग एका औषधापुरता होता.

दीड टक्का पुरेसा आहे का?

इथे स्वादाचा मुद्दा येतो. वाटा मोजला जातो तो शेतावरच्या दरावर. समजा, किलोला १०० रँड दर मिळाला, तर वाटा दीड रँड. माल मोठ्या पोत्यांतून परदेशी जातो. तिथे त्यात व्हॅनिलाचा अर्क, संत्र्याची साल, फुलांच्या पाकळ्या मिसळतात, देखणा डबा तयार होतो आणि किंमत अनेक पट चढते. वाटा मात्र दीड रँडच राहतो. चहा आणि कॉफी पिकवणाऱ्या देशांची हीच जुनी व्यथा : पीक इथले, चव आणि नाव लावण्याचा नफा दुसरीकडचा.

दुसरा प्रश्न जमिनीचा. रॉयबॉसखालील बहुतांश जमीन मोठ्या, प्रामुख्याने गोऱ्या शेतकऱ्यांकडे आहे. वर्णभेदी राजवटीत ‘कलर्ड’ म्हणून नोंदवले गेलेले खोई-सान वंशाचे छोटे शेतकरी डोंगरातल्या तुकड्यांवर लागवड करतात. वुपरथल गाव आणि स्यूड-बोकेफेल्ड भागातील ‘हायफेल्ड’ सहकारी संस्था ही त्यांची ठिकाणे. सेंद्रिय आणि ‘फेअरट्रेड’ माल थेट विकून ते दर वाढवून घेतात. करारातील पैसा परिषदांपर्यंत पोहोचला, तरी तो प्रत्यक्ष झुडपे कापणाऱ्या हातांपर्यंत किती येतो, यावर या समाजांतही चर्चा आहे.

हवामान बदलाचा धोका किती?

जे पीक एकाच प्रदेशात येते, त्याला पळायला जागा नसते. २०१५ नंतर पश्चिम केपमध्ये सलग काही वर्षे दुष्काळ पडला. २०१८ मध्ये तर केप टाउनचे नळ बंद पडण्याची वेळ आली होती. रॉयबॉसची शेती प्रामुख्याने पावसावर. हिवाळ्यात रोपे लावायची आणि पहिली कापणी साधारण दीड वर्षाने. पाऊस चुकला की रोपे जळतात आणि फटका पुढच्या हंगामांना बसतो. रानातील जुनी झुडपे दुष्काळाला अधिक काटक असतात. त्यांचे वाण जपण्याचे ज्ञान याच छोट्या शेतकऱ्यांकडे आहे.

ग्राहकाने काय पाहावे?

सर्वप्रथम घटकांची यादी वाचावी. ‘रॉयबॉस’ असे मोठे छापलेल्या मिश्रणात कधी कधी काळा चहाही असतो. मग ते कॅफिनमुक्त राहत नाही. स्वाद सालीचा, मसाल्याचा की वरून फवारलेल्या अर्काचा, हेही यादीतच कळते. डब्यातल्या सुंदर पाकळ्या बहुधा नजरेसाठी असतात, वास अर्काचा असतो. रोगमुक्तीच्या दाव्यांवर भिस्त ठेवू नये. रॉयबॉसमधील ‘अ‍ॅस्पॅलॅथिन’ या घटकावर संशोधन झाले आहे, पण ते औषध नव्हे. शिवाय लाल रॉयबॉसमध्ये त्याचे प्रमाण हिरव्यापेक्षा बरेच कमी असते.

करण्याची रीत सोपी आहे. एका कपाला चमचाभर रॉयबॉस, उकळते पाणी आणि झाकून पाच ते सात मिनिटे. तुकडे बारीक असल्याने गाळणीची जाळी दाट हवी. दूध चालते, आले-वेलचीही चालते. ग्रीन टीला मात्र उकळते पाणी सोसत नाही, ७० ते ८० अंश पुरे. सुट्या पानांचा फायदा हाच की माल डोळ्यांनी पाहता येतो, वास घेता येतो आणि प्रमाण आपल्या हाती राहते.

पाकिटावरचा ‘चहा’ हा शब्द गेल्याने कपातली चव बदलणार नाही. मात्र त्या रिकाम्या जागेत काय छापले जाते, याला महत्त्व आहे. तिथे पिकाचा प्रदेश, पिकवणाऱ्या संस्थेचे नाव आणि खरे घटक आले, तर नियमाचा उपयोग ग्राहकालाही होईल आणि सेडरबर्गच्या डोंगरात झुडपे कापणाऱ्यालाही.