सीमेवरचा नवा ठेका

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेल्या भालकी, औराद, बसवकल्याण व आळंद या तालुक्यांत जी मराठी घरे आहेत, त्यांच्या वरातींपुढे आज हलगीच्या जोडीने, आणि पुष्कळदा हलगीच्या जागी, डीजेचा ठेका वाजतो, ही गोष्ट केवळ खेदाने दप्तरी दाखल करून स्वस्थ बसावे, असे आम्हांस वाटत नाही. शिकागोच्या वेअरहाउस क्लबात फ्रँकी नकल्स यांच्या हातून आकारास आलेले हाउस नावाचे डीजेंचे नृत्यसंगीत, मिनिटाला सुमारे १२० ते १३० ठोक्यांची आपली समतोल चाल न सोडता, २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडीच्या ‘तांबडी चामडी’त मराठी बोलीशी असे एकजीव झाले, की स्पिनिन रेकॉर्ड्स या डच संस्थेने ते जगापुढे ठेवले; हे स्थित्यंतर आम्ही फार मोलाचे मानतो. आता हलगीचा तो कोरडा, तीक्ष्ण आघातही या संगीतात यावा. त्यासाठी आमच्या डीजे मंडळींनी गावच्या हलगीवादकास ध्वनिमुद्रणाला सन्मानाने बोलवावे, त्याचा मोबदला चोख द्यावा, गाण्यावर त्याचे नाव घालावे, आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा कायदा पाळावा. अशा प्रयोगांच्या वृत्तांतासाठी आगामी अंकाची पाने आम्ही राखून ठेवली आहेत.