विश्लेषण : ट्यून केलेल्या हॅचबॅकला चारही चाकांची ताकद हवी, की पुढची दोनच पुरेत?

छोट्या टर्बो इंजिनाच्या हॅचबॅकची ताकद ‘रिमॅप’ करून वाढवणे आज काही तासांचे काम झाले आहे. ताकद वाढते, गाडी पळू लागते आणि पहिल्या पावसात सिग्नल सुटताच पुढची चाके जागच्या जागी फिरतात. मग ‘आपली गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह असती तर’ हा विचार डोक्यात येतो. पुढची गाडी घेताना याच एका मुद्द्यावर काही लाख रुपये जास्त मोजण्याची तयारीही होते. पण चारही चाकांना ताकद मिळाली म्हणजे गाडी सुरक्षित आणि वेगवान झाली, हे समीकरण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे न समजता घेतलेला निर्णय खिशाला आणि घाटात प्रसंगी जिवालाही महाग पडू शकतो.

दोन्ही रचनांत नेमका फरक काय?

ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९ मध्ये ‘मिनी’त इंजिन आडवे बसवून पुढचीच चाके फिरवली. त्यामुळे मागे जाणारा लांब शाफ्ट गेला, आत जागा वाढली, वजन आणि खर्च कमी झाला. आज भारतात विकल्या जाणाऱ्या जवळपास सगळ्या हॅचबॅक याच वाटेने चालतात. १९७६ मध्ये विक्रीस आलेल्या ११० अश्वशक्तीच्या गोल्फ जीटीआयने हीच साधी रचना वापरून ‘हॉट हॅच’ हा प्रकार लोकप्रिय केला.

ऑल-व्हील ड्राइव्ह हॅचबॅकमध्ये बहुतेक वेळा इंजिन तसेच आडवे असते. गिअरबॉक्सपासून एक शाफ्ट मागच्या ॲक्सलपर्यंत जातो आणि तिथे किंवा वाटेत एक क्लच बसवलेला असतो. एरवी पुढचीच चाके ओढतात. संगणकाला चाक घसरताना दिसले किंवा घसरेल असे वाटले की क्लच आवळला जातो आणि ताकद मागे वळते. म्हणजे अनेक ‘ऑल-व्हील’ हॅचबॅक सपाट रस्त्यावर निवांत चालताना बऱ्याच अंशी फ्रंट-व्हीलच असतात.

पुढची चाके कुठे कमी पडतात?

टायरची पकड मर्यादित असते. वळणे, थांबणे आणि ओढणे ही तिन्ही कामे त्याच शिलकीतून भागवावी लागतात. फ्रंट-व्हील गाडीत पुढच्या दोन टायरांवर वळण्याचा आणि ओढण्याचा भार एकाच वेळी पडतो. त्यातच वेग घेताना गाडीचा भार मागे सरकतो, म्हणजे ज्या चाकांना काम करायचे तीच हलकी होतात. १३०० किलो वजनाची, अडीच मीटर व्हीलबेसची हॅचबॅक जोरात वेग घेते, तेव्हा पुढच्या चाकांवरचा शंभरेक किलो भार मागे जातो. चढणीवर तो आणखी मागे सरकतो.

याचा ढोबळ हिशेब बोलका आहे. अशा गाडीचे ६२ टक्के वजन पुढे आहे आणि टायर चांगले आहेत असे धरले, तर ताशी ४० किलोमीटर वेगात कोरड्या रस्त्यावर पुढची दोन चाके सुमारे ९० अश्वशक्तीच जमिनीवर उतरवू शकतात. ओल्या रस्त्यावर हा आकडा ५५च्या आसपास येतो. त्यापुढची ताकद फक्त रबर झिजवते. चारही चाके कामाला लागली तर ओल्या रस्त्यावर त्याच वेगात ९५ अश्वशक्तीपर्यंत वापरता येते. वेग वाढतो तसा हा फरक बोथट होतो. ताशी १०० किलोमीटर वेगात ओल्या रस्त्यावरही पुढची दोन चाके १३० अश्वशक्तीहून अधिक ताकद सहज पेलतात.

म्हणजे ऑल-व्हीलचा फायदा खरा आहे, पण तो मुख्यतः कमी वेगात, जोरात निघताना आणि चढणीच्या ओल्या वळणातून बाहेर पडताना मिळतो. सिग्नलवरून सगळ्यांच्या पुढे निघणे ही ज्याची गरज आहे, त्याला तो रोज मिळेल. इतरांना वर्षातून मोजक्या वेळा.

ऑल-व्हील ड्राइव्ह काय देत नाही?

इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. ब्रेक दाबल्यावर दोन्ही प्रकारच्या गाड्या चारही चाकांनीच थांबतात. त्यात ताकद कोणत्या चाकांना जाते याचा संबंध नाही. उलट ऑल-व्हील गाडी साधारण ८० ते १०० किलोंनी जड असते आणि तेवढे जादा वजनही थांबवावे लागते. पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागला तर चारही चाकांची ताकद निरुपयोगी ठरते. तिथे टायरची नक्षी आणि चालकाने आवरलेला वेग एवढेच उपयोगी पडते.

ताम्हिणी किंवा आंबोलीचा घाट पावसात उतरताना धोका असतो तो थांबण्याचा आणि वळण्याचा, वेग घेण्याचा नव्हे. फ्रंट-व्हील गाडीत ॲक्सिलरेटर जास्त दाबला की चाक फिरते, स्टिअरिंग हलके होते आणि ‘रस्ता निसरडा आहे’ हे चालकाला लगेच कळते. ऑल-व्हील गाडी हा इशारा झाकते. ती निमूटपणे वेग घेते आणि रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला पुढच्या वळणाआधी ब्रेक दाबल्यावरच समजते. तोवर वेग वाढलेला असतो.

कंपन्यांनी स्वतः काय निवडले?

या वादाचा उत्तम नमुना म्हणजे फोर्डची फोकस आरएस. २००९ मधील दुसऱ्या पिढीत कंपनीने ३०५ अश्वशक्ती केवळ पुढच्या चाकांना दिली. जोरात वेग घेताना स्टिअरिंग एका बाजूला ओढले जाऊ नये, म्हणून खास सस्पेन्शन आणि दोन चाकांतील घसरण रोखणारा लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बसवला. २०१६ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत ताकद ३५० अश्वशक्तीवर गेली आणि फोर्डने ऑल-व्हीलचा मार्ग धरला. मर्सिडीज-एएमजीने ४२१ अश्वशक्तीच्या ए ४५ एसमध्ये तेच केले. टोयोटाने जीआर यारिस रॅलीतील स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून घडवली. त्यामुळे माती आणि बर्फावर धावण्यासाठी तिला चारही चाकांची ताकद देणे स्वाभाविक होते.

दुसरीकडे होंडाने सिव्हिक टाइप आरला ३०० अश्वशक्तीच्या पुढेही फ्रंट-व्हीलच ठेवले. २०२३ मध्ये तिने जर्मनीतील नूरबर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या ट्रॅकची फेरी ७ मिनिटे ४४.८८ सेकंदांत पूर्ण केली. फोक्सवॅगनच्या घरातील तुलना तर आणखी बोलकी आहे. ऑल-व्हील असलेल्या ३३३ अश्वशक्तीच्या गोल्फ आर ‘२० इयर्स’ची याच ट्रॅकवरील वेळ ७ मिनिटे ४७.३१ सेकंद होती. २०२५ मध्ये ३२५ अश्वशक्तीच्या, फक्त पुढची चाके ओढणाऱ्या जीटीआय ‘एडिशन ५०’ने ती मोडली आणि ७ मिनिटे ४६.१३ सेकंदांची नोंद केली. जीटीआयला तेव्हा शर्यतीच्या धर्तीचे सेमी-स्लिक टायर होते, हे खरे. पण मुद्दा नेमका तोच आहे. टायर आणि सस्पेन्शन यांनी दोन चाकांची उणीव भरून काढली. कोरडा रस्ता आणि धावता वेग असेल तर ‘चार विरुद्ध दोन’ हा हिशेब निर्णायक राहत नाही.

ट्यूनिंगनंतर आधी काय मोडते?

ताकद वाढवल्यावर सर्वांत कच्चा दुवा आधी तुटतो. चाकणमध्ये तयार झालेली आणि २०२२ मध्ये निरोप घेतलेली पोलो हे त्याचे ओळखीचे उदाहरण. १.२ टीएसआय इंजिनाच्या पोलो जीटीची मूळ क्षमता १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क. तिचा सात गिअरांचा ड्राय-क्लच डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतच बनवलेला. रिमॅपने टॉर्क या मर्यादेच्या जवळ नेला की क्लच आणि गिअरबॉक्सचे आयुष्य पणाला लागते.

इथे फ्रंट-व्हीलचा एक दुर्लक्षित गुण दिसतो. टॉर्क जास्त झाला की चाक घसरते आणि तो धक्का रबरावर जातो. ही घसरण घरातल्या फ्यूजसारखे काम करते. ऑल-व्हीलमध्ये चाक घसरत नाही. तोच धक्का क्लच, शाफ्ट आणि मागच्या डिफरन्शियलवर बसतो. शिवाय मागच्या क्लचचे आणि डिफरन्शियलचे तेल वेळच्या वेळी बदलावे लागते. चारही टायरांची झीज सारखी ठेवावी लागते. एक टायर फुटला तर अनेकदा जोडी किंवा चारही बदलण्याची वेळ येते. गाडी जुनी होऊन दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाते, तेव्हा हाच खर्च टाळला जातो आणि महागडा बिघाड उभा राहतो.

भारतात पर्याय किती आणि कायदा काय सांगतो?

सर्वसामान्यांच्या आवाक्यातील ऑल-व्हील हॅचबॅक भारतात उपलब्धच नाही. जपानमध्ये स्विफ्टही चारही चाकांच्या ताकदीसह मिळते, इथे मात्र तो पर्याय नाही. २०२१ मध्ये आलेल्या ए ४५ एसची किंमत ७९.५० लाख रुपये होती. २०२५ मध्ये आयात झालेली, २६५ अश्वशक्तीची फ्रंट-व्हील गोल्फ जीटीआय ५३ लाखांना आली. या दोन्हींच्या खाली असलेल्या मालकाला ‘ऑल-व्हील की फ्रंट-व्हील’ हा पर्याय प्रत्यक्षात नसतोच. असलेली फ्रंट-व्हील गाडी ऑल-व्हील करून घ्यायची तर गाडीचा तळ, इंधनटाकी, मागचे सस्पेन्शन असे सगळेच बदलावे लागते.

आणि ते कायद्यातही बसत नाही. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर दाव्यावरून वाद ओढवतो तो वेगळाच. ‘सॉफ्टवेअर तर बदलले, कोणाला कळणार’ हा भरवसा अपघातानंतरच्या तपासणीत टिकेलच असे नाही. वाढवलेली ताकद अजमावायची जागा चेन्नई किंवा कोइमतूरचा ट्रॅक आहे, घाट नव्हे.

मग पैसे कुठे घालावेत?

निवड वापरावरून ठरावी. ताकद साडेतीनशे अश्वशक्तीच्या पुढे असेल, नेहमीचा रस्ता कच्चा, चिखलाचा किंवा बर्फाचा असेल, किंवा उभ्या जागेवरून झेप घेणे हाच छंद असेल, तर ऑल-व्हीलला पर्याय नाही. आणि ती गाडी कारखान्यातूनच तशी आलेली असावी.

त्याखालच्या, म्हणजे जवळपास सगळ्या ट्यून केलेल्या हॅचबॅकसाठी फ्रंट-व्हील पुरेशी आहे. मात्र खर्चाचा क्रम उलटा करायला हवा. बहुतेक जण आधी रिमॅप करतात आणि टायर शेवटी बदलतात. आधी चांगले टायर आणि चाकांचे अलाइनमेंट, मग ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल, मग शॉक ॲब्झॉर्बर, आणि हे सगळे झाल्यावरही गरज वाटली तरच ताकद, हा क्रम शहाणपणाचा. कायद्याने टायरच्या नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरवली आहे. पण पावसात पाणी बाहेर फेकण्याची टायरची क्षमता त्याच्या बरीच आधी ओसरते. वाढीव ताकदीच्या गाडीने त्या मर्यादेची वाट पाहू नये.

चारही चाकांची ताकद गाडीला पुढे नेते. तिला वळवण्याचे आणि थांबवण्याचे काम मात्र टायर आणि ब्रेकच करतात. घाटात समोरून एसटी येते, तेव्हा कामाला येते ते दुसरे. बजेटमधला पहिला रुपया तिथेच जायला हवा.