दोन ब्रासला चार इंच कमी

हुडकेश्वरात आमच्या शेजारच्या प्लॉटवर घर चढतंय. गेल्या आठवड्यात तिथं रेतीचं टिप्पर आलं. गाडीवाला फाळका उघडणार तेवढ्यात मिस्त्री सळई घेऊन वर चढला. चार-पाच ठिकाणी सळई रेतीत तळापर्यंत खुपसली, कुठवर बुडाली ते अंगठ्यानं धरलं आणि टेप लावला. सगळीकडे अडीच फूट.

"भाऊ, दोन ब्रास नाही जी ही."

"काहून? गच्च भरून आणली. रस्त्यानं बसली थोडी."

"दहा बाय सातची बॉडी आहे तुमची. दोन ब्रासला दोन फूट दहा इंच पाहिजे. चार इंच कमी आहे."

ब्रास म्हणजे 100 घनफूट. 10 × 7 × 2.5 केलं की 175 येतात, म्हणजे पाव ब्रास गायब. पण मिस्त्रीनं तीन आकड्यांचा गुणाकार केलाच नव्हता. त्याच्या डोक्यात तळ पक्का होता: 70 चौरस फूट. त्यावर एक फूट रेती चढली की 70 घनफूट, एक इंच चढली की जवळजवळ 6. चार इंच दिसायला चार बोटं, पण ती अख्ख्या तळावर पसरलेली असतात.

गाडीवाल्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं. ओलसर रेती फुगते, हादऱ्यानं बसते. घनफळ तेच असलं तरी आतली रेती कमीजास्त भरते. तरी व्यवहार ब्रासवरच चालतो. सरकारनं 2023 मध्ये स्वस्त रेतीचं धोरण आणलं, तेही 600 रुपये ब्रास याच भाषेत.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या पाचवी-सहावीच्या पोरांना ओट्यावर बसवलं. सूत्र सगळ्यांना पाठ: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. मग मी आकडे न लिहिता ठोकळ्यांच्या ढिगाचं चित्र काढलं. लांबीला 4, रुंदीला 3, उंचीला 2. ठोकळे किती? निम्म्या पोरांनी मोजून सांगितलं, 26.

हे 26 मला फार आवडलं. समोरून 8 चौकोन दिसतात, वरून 12, बाजूनं 6. पोरांनी ठोकळे मोजलेच नव्हते, दिसणारे चौकोन मोजले होते. कडेचा ठोकळा दोनदा मोजला गेला, कोपऱ्यावरचा तीनदा, आणि मागे दडलेले एकदाही नाहीत. खरे ठोकळे 24. चूक आळसाची नव्हती, पोरं पृष्ठफळाच्या वाटेला लागली होती. "खालच्या थरात किती?" एवढंच विचारलं. बारा. "थर किती?" दोन. पुढचं सांगावं लागलं नाही.

गंमत म्हणजे हा थर आपल्या शब्दातच बसलेला आहे. पाठ्यपुस्तकात या आकाराला इष्टिकाचिती म्हणतात. पोरांना तो जिभेचा व्यायाम वाटतो, आणि शिक्षकही बहुधा तो उलगडत नाहीत. इष्टिका म्हणजे वीट, चिती म्हणजे रचाई. वैदिक यज्ञातली श्येनचिती, म्हणजे ससाण्याच्या आकाराची वेदी, विटांच्या पाच थरांची असे. प्रत्येक थरात 200 विटा, एकूण 1000. तिचा आकार आपल्या चौकोनी खोक्यासारखा मुळीच नाही, पण हिशेब तोच: एका थरात किती, आणि थर किती.

आपण शाळेत हा थर गाळून थेट सूत्रावर उडी मारतो, आणि माझ्या मते घोळ तिथंच होतो. घनमीटरमध्ये घनसेंटिमीटर किती, असं विचारा. सूत्र पाठ असलेलं पोर बिनधास्त 100 सांगतं. एका थरात 100 गुणिले 100, म्हणजे 10 हजार, आणि असे थर 100, हे डोळ्यांपुढं आलं की 10 लाख आपोआप निघतात.

तेव्हा गुरुजनांना विनंती, फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी एक तास काडेपेट्यांना द्या. एका गटाला 24 पेट्या पुरतात. रचू द्या, मोडू द्या, 26 म्हणाले तर लगेच खोडू नका.

आणि हो, टिप्परचं सांगायचं राहिलंच. गाडीवाल्यानं कुरकुर केली, स्वतः सळई खुपसून पाहिली आणि पैसे घेतले पावणेदोन ब्रासचे.